वैमानिकाची नोकरी आणि कॅमेऱ्याचा नाद : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी एअरलाइनमध्ये वैमानिक आहे, एअरबस ए-३२० उडवते. बेस, म्हणजे जिथून ड्युटी सुरू होते ते ठिकाण, मुंबई; घर इंदूरला, राजेंद्रनगरात. कॅमेऱ्याचा नाद नोकरीच्या आधीचा. कॉलेजात असताना काकांनी त्यांचा जुना फिल्म कॅमेरा दिला, तिथून लागलेला. गणपतीच्या आरतीनंतर, हळदीकुंकवाला, सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात गराडूची (तळलेल्या कंदाची) प्लेट हातात असताना लोक तेच प्रश्न विचारतात, आणि जवळजवळ त्याच क्रमानं. हल्ली फ्लाइंग शिकायला निघालेली मुलं-मुलीही विचारू लागलीत. तेव्हा एकदाच लिहून टाकते.

मग काय, वरून एकसे एक फोटो काढत असाल?

नाही. कॉकपिटमधून मी फोटो काढत नाही. लोकांचा चेहरा इथेच पडतो, पण खरं तेच आहे.

दहा हजार फुटांच्या खाली कॉकपिटमध्ये कामाव्यतिरिक्त काही करायचं नाही, बोलायचंही नाही, हा जगभरचा शिरस्ता. त्याच्या वर गेल्यावर मोकळीक असते असं लोकांना वाटतं. असते, जेवण्यापुरती. रेडिओवर कान, इंधनाचा हिशेब, पुढच्या विमानतळाचं हवामान, बाजूनं वाढणारा ढग हे सगळं चालूच असतं. मुंबई-इंदूर सेक्टर, म्हणजे एक उड्डाण, जेमतेम सव्वा तासाचा, त्यात वर चढलो म्हणेपर्यंत उतरायची तयारी सुरू होते. शिवाय विमानातून आणि विमानतळावर फोटो काढण्यावर १९३७ च्या विमान नियमांपासून बंधनं आहेत. प्रवाशांना उड्डाणात फोटो काढायची मुभा असल्याचं डीजीसीएनं (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं) २०२० मध्ये स्पष्ट केलं, पण ती मुभा प्रवाशांची. कंपन्यांचे नियम आमच्यासाठी त्याहून कडक असतात.

त्रास होतो का? होतो. एका जुलैत सातपुड्यावर ढगांची सपाट गादी पसरली होती. तिच्यावर आमच्या विमानाची सावली, आणि सावलीभोवती इंद्रधनुष्यी कडं. सूर्य बरोबर पाठीशी असला की ते दिसतं. शेजारच्या फर्स्ट ऑफिसरचा, म्हणजे सहवैमानिकाचा, हात खिशातल्या फोनकडे गेला. मी नुसतं पाहिलं त्याच्याकडे, त्यानं हात काढून घेतला. दोघांनी ते कडं नीट पाहून घेतलं, दोन मिनिटांत ढग फाटला. हॉटेलवर गेल्यावर मी ते वहीत लिहिलं. ही वही वेगळी आहे, फक्त न काढलेल्या फोटोंची. तारीख, वेळ, कुठल्या दिशेला तोंड, रंग कसा होता, एवढंच. सध्या तिसरी वही चालू आहे.

कॅमेरा कॉकपिटबाहेर ठेवल्यामुळेच माझा नाद टिकला असं मला वाटतं. एकदा तो आत आला असता, तर नोकरी तरी गेली असती किंवा नादाचा धसका तरी बसला असता.

पण वेळ कुठून काढता?

आधी एक गैरसमज. आम्हाला ३६५ दिवसांत १००० तासांहून जास्त उडता येत नाही, २८ दिवसांत १०० तासांहून जास्त नाही. हे आकडे ऐकले की कुणीतरी हमखास भागाकार करतं : ‘म्हणजे दिवसाला तीन तास! आमच्या बँकेत या एकदा.’ पण हे तास विमान जागेवरून हललं तिथपासून ते परत जागेवर थांबलं तिथपर्यंतचे. त्याआधीचं रिपोर्टिंग, दोन सेक्टरांमधला जमिनीवरचा वेळ, हॉटेलच्या गाडीतले तास, घरी बसून स्टँडबाय (ऐनवेळी बोलावतील म्हणून तयार राहणं) हे त्यात येत नाही. चार सेक्टरांच्या दिवशी सहा तास उडून माणूस अकरा-बारा तासांनी बूट काढतो.

आठवड्याची विश्रांती पूर्वी सलग ३६ तासांची होती. नव्या नियमांत ती ४८ तास झाली, आणि त्यात दोन पूर्ण रात्री आल्या पाहिजेत. ऐकायला दोन दिवस. पण मी बेसला राहत नाही ना! ड्युटी संपली की मरोळच्या भाड्याच्या खोलीवर बॅग टाकायची, स्टाफ तिकिटावर जागा मिळाली तर पुढच्या विमानानं इंदूर, आणि परतताना ड्युटीच्या आदल्या दिवशीच मुंबईत हजर. विमान भरलेलं असेल तर पुढचं बघा, तेही भरलेलं असेल तर झोपा खोलीवर. हातात राहतात तीस-बत्तीस तास.

महिन्याचं रोस्टर, म्हणजे ड्युटीचं वेळापत्रक, आलं की मी पेन्सिल घेऊन बसते. आधी झोप. मग लेकीची शाळा, सासूबाईंचा दवाखाना, घरातली कार्यं. कॅमेरा शेवटी. महिन्याकाठी त्याच्या वाट्याला दोन सकाळी आणि तीन-चार संध्याकाळी येतात. दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरची परीक्षा असते, तो महिना शून्य. कमी वाटतं खरं, पण दोन सकाळी आधीपासून माहीत असल्या की माणूस बिछान्यात लोळत ‘कुठे जाऊ’ असा विचार करत नाही. जागा ठरलेली असते, भिंग ठरलेलं असतं, बॅटरी भरलेली असते.

चांगला प्रकाश तर पहाटेचा. झोपेचं काय?

हा खरा प्रश्न, आणि हा फार कमी जण विचारतात.

रात्री दोन ते सकाळी सहा या वेळात शरीर सगळ्यात मंद असतं. आमच्या ड्युटीच्या नियमांत या वेळेला वेगळी वागणूक आहे, कारण तेव्हा जागं असलेला माणूस जागा असतोच असं नाही. साडेचारचं रिपोर्टिंग असलं की गजर अडीचचा. अशा दोन-तीन पहाटे झाल्यावर सुटीच्या दिवशी ‘सूर्योदय पकडू’ म्हणणं म्हणजे घेतलेल्या कर्जावर आणखी कर्ज.

हे मी शहाणपणानं शिकले नाही. काही वर्षांपूर्वी दोन रात्रीच्या ड्युट्या करून इंदूरला आले आणि तिसऱ्या पहाटे साडेतीनला मांडूला निघाले. पावसाळा, मांडूवर उतरलेले ढग, जहाज महाल, सगळं डोळ्यांपुढे होतं. धार रोडवर बेटमा ओलांडलं आणि पुढचं आठवतं ते चाकाखाली कच्च्या कडेचा खडखड आवाज. किती सेकंद गेले माहीत नाही. गाडी थांबवली, एका बंद टपरीसमोर लावली आणि तिथेच झोपले, ते टपरीवाल्यानं साडेआठला काच ठोठावेपर्यंत. त्यानं चहा दिला, पोहे व्हायचे होते. मांडूला न जाता परत फिरले. दीडशे-दोनशे माणसांना घेऊन उतरताना जो थकवा मी कंपनीला कळवला असता, तोच अंगात घेऊन मी स्वतःची गाडी हाकत होते.

तेव्हापासून रात्रीच्या ड्युटीनंतरची पहिली पहाट कॅमेऱ्याची नाही. दुसरी असू शकते. आणि मांडू संध्याकाळी. दुपारी आरामात निघायचं, रात्री तिथेच मुक्काम. रूपमती मंडपातून खाली निमाडाच्या सपाटीवर उतरणारा प्रकाश संध्याकाळीही काही वाईट नसतो.

मग फोटो काढता कधी?

रात्री. नोकरीनं माझं घड्याळ बिघडवलंच आहे, तर त्याचा फायदा का घेऊ नये? आणि रात्रीच्या फोटोंसाठी इंदूरइतकं सोयीचं शहर मला तरी ठाऊक नाही.

सराफ्यात सोन्या-चांदीच्या दुकानांची शटरं पडतात आणि त्याच पायऱ्यांवर कढया चढतात. रात्री अकराला भुट्ट्याचा कीस, मालपुवा, दहीवडा उंच फेकून झेलणारा, आणि हिवाळ्यात तळलेला गराडू. उशिराच्या विमानानं आले तर घरी जाण्याआधीच इथे थांबते. पूर्वी इथला उजेड पिवळ्या दिव्यांचा होता, फोटोत वाफ सोन्यासारखी दिसायची. आता पांढऱ्या एलईडी आहेत आणि त्या लुकलुकतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त दिवा सेकंदाला शंभर वेळा मंद-प्रखर होतो. डोळ्याला कळत नाही, पण वेगवान शटरमध्ये फोटोवर काळे पट्टे उमटतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की बहुतेक पट्टे जातात. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) ३२०० पर्यंत बिनधास्त न्या. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही. आणि कढईवाल्याला आधी विचारा. ‘भिया, एक फोटो ले लूं?’ एवढं पुरतं. उलट तोच मग केस सारखे करतो आणि पाच मिनिटं वाया जातात.

कृष्णपुरा छत्र्या सूर्य मावळल्यावर पंधरा-वीस मिनिटं, आकाश निळं असेपर्यंत. राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. रात्रीच्या दिव्यात हा फरक दिवसापेक्षा स्पष्ट दिसतो. १९८४ च्या आगीत आतलं बरंच जळालं. आमच्या आईला ती आग आठवते, ती राजवाड्याचे फोटो बघताना नेहमी आधी तेच सांगते.

अनंत चतुर्दशीची रात्र मात्र मी सुटीच टाकते. गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे दिव्यांचे चित्ररथ, रात्रभर निघतात. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली, भोंगा थांबला, पण झांकी निघते. पुढे आखाडे, पट्टे फिरवणारी पोरं, मागे दिव्यांनी लगडलेला देखावा. पहाटे चारला जेल रोडवर उभं राहून फोटो काढायचे असतील तर रात्रपाळीची सवय असलेला माणूसच पाहिजे.

रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, मला अजून नीट मिळालेली नाही. दोन वर्षं रोस्टरनं खाल्ली. तिसऱ्या वर्षी गेले, तर टँकरच्या पिचकारीनं पिशवीत गुंडाळलेला कॅमेराही भिजवला.

लेओव्हरला तर मजाच असेल?

बारा-चौदा तासांच्या मुक्कामात झोप, आंघोळ, जेवण आणि इस्त्री. गावात फिरायला जात नाही. एक मात्र करते : प्रत्येक हॉटेलच्या खोलीच्या खिडकीतून एक फोटो, पडदा अर्धा सरकवून, नेहमी त्याच भिंगानं. बहुतेक खिडक्यांबाहेर पार्किंग किंवा एसीचे डबे असतात. दोनशेच्या वर झालेत. एकत्र लावले की बघवत नाहीत इतके सारखे, आणि म्हणूनच मला आवडतात.

कॅमेरा कोणता?

छोटा. क्रू बॅगेत मावेल असा, ३५ मिलिमीटरच्या एकाच भिंगाचा. मॉडेल सांगत नाही, कारण मग पुढची वीस मिनिटं त्याच्यावरच जातात.

बॅटऱ्यांचं मात्र सांगते. सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनच्या बॅगेत टाकायच्या नाहीत, सोबत केबिनमध्ये ठेवायच्या, बॅटरीच्या धातूच्या टोकांना चिकटपट्टी लावून. सामानाच्या कप्प्यात बॅटरी पेटली तर तिच्यापर्यंत कुणाचा हात पोचत नाही. १०० वॉट-तासांपर्यंतची बॅटरी सहसा चालते, कॅमेऱ्याची त्याच्या पाव हिश्शाचीही नसते. आणि मुंबईच्या खोलीवर भिंगं उघडी ठेवू नका. जूनमध्ये ठेवलेल्या माझ्या एका भिंगात सप्टेंबरला बुरशीची सुंदर जाळी तयार झाली होती. हवाबंद डबा आणि सिलिका जेल, एवढाच इलाज.

आम्ही प्रवासी. खिडकीतून चांगला फोटो कसा काढायचा?

हा माझा आवडता प्रश्न, कारण इथे तुम्ही माझ्यापेक्षा नशीबवान आहात.

जागा निवडताना सूर्य कुठे असेल ते पाहा. इंदूरहून मुंबईला विमान साधारण नैर्ऋत्येला जातं. सकाळी सूर्य डावीकडे, म्हणून उजवी खिडकी, म्हणजे एफ घ्या. जमिनीवर उजेड पडलेला दिसेल आणि काचेवर झळ येणार नाही. संध्याकाळी याच प्रवासात ए. परतीच्या प्रवासात सगळं उलटं. पंखाच्या पुढच्या रांगा बऱ्या. मागे बसलात तर इंजिनाच्या गरम हवेतून खालचं चित्र थरथरतं.

खिडकी काचेची नसते, अ‍ॅक्रिलिकची असते, एकाहून जास्त थरांची. खाली बारीक भोक दिसतं ते दाबासाठी, त्याच्याभोवती बर्फाची नक्षी जमते. तीही टिपा. पण पोलरायझर (चमक कमी करणारा) फिल्टर काढून ठेवा. ताणलेल्या अ‍ॅक्रिलिकमधून तो जांभळे-हिरवे पट्टे दाखवतो आणि लोक कॅमेरा बिघडला म्हणून घाबरतात. भिंग खिडकीच्या अगदी जवळ न्या, टेकवू नका, नाहीतर विमानाची थरथर फोटोत उतरते. काळी ओढणी किंवा जाकीट भोवती धरलं की केबिनचं प्रतिबिंब जातं.

इंदूरहून उडाल्यावर काही मिनिटांतच माळव्याचं पठार विंध्याच्या कडेशी तुटतं, खाली निमाड आणि नर्मदा. पुढे सातपुडा, तापी, आणि मुंबईच्या आधी सह्याद्रीचे कडे. पाऊस ओसरल्यावरची ऑक्टोबर-नोव्हेंबरची हवा सगळ्यात स्वच्छ. मेमध्ये धुरकट पांढऱ्यापलीकडे काही मिळत नाही. सूर्यास्ताला सगळे पश्चिमेला वाकतात. तुम्ही पूर्वेची खिडकी घ्या, क्षितिजावर निळसर-करडा पट्टा हळूहळू वर चढताना दिसेल. ती पृथ्वीची सावली.

एक सूचना, इंदूर-पुणे करणाऱ्या आपल्या मंडळींना खास : पुण्याचा लोहगाव हवाई दलाचा तळ आहे, ग्वाल्हेरही तसंच. तिथे चढता-उतरताना फोन खाली ठेवा. केबिन क्रूनं सांगितलं तर वाद घालू नका, ती मुलगी स्वतःच्या मनानं सांगत नसते.

ड्रोननं राजवाडा वरून घेता येईल का?

२०२१ च्या ड्रोन नियमांत विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरपर्यंत जमिनीपासूनच परवानगी लागते. ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांच्या वर. आपला विमानतळ बिजासन टेकडीला लागून आहे, नकाशावर वर्तुळ काढून बघा शहराचा केवढा भाग आत येतो. विमानतळ रोडच्या लॉनवर लग्नात ड्रोन उडवणाऱ्यांनी तर जास्तच बघा. उतरताना समोर घार आली तरी माझ्या पोटात गोळा येतो.

लग्नाचे फोटो काढाल का? पैसे देऊ.

नाही. नोकरीच्या करारात दुसऱ्या कमाईला परवानगी लागते, आणि लग्नाच्या फोटोग्राफरइतकी मेहनत सुटीच्या दिवशी करायची माझी तयारी नाही. भाचीच्या लग्नात काढले होते. नातेवाईक अजून ‘सगळे फोटो’ मागताहेत.

एवढी आवड आहे तर नोकरी सोडून हेच का करत नाही?

इंदूरात हा प्रश्न विचारणाऱ्याला मी जुन्या काळचे फोटोग्राफर लाला दीनदयाळ यांची गोष्ट सांगते. १८४४ चा जन्म, मेरठजवळच्या सरधन्याचे, रुरकीला शिकलेले. १८६६ च्या सुमाराला ते इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून लागले. नकाशे काढता काढता १८७४ च्या आसपास कॅमेरा हाती आला. इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर दुसरे आणि ब्रिटिश अधिकारी हेन्री डेली यांनी पाठबळ दिलं. पुढे लेपेल ग्रिफिन या ब्रिटिश अधिकाऱ्याबरोबर मध्य भारतातल्या वास्तूंचे फोटो काढत ते फिरले. सगळं नोकरी सांभाळून. मग लांबलचक रजा घेतली, सिकंदराबादला स्टुडिओ काढला, आणि त्यानंतर कधीतरी नोकरी सोडली. सहाव्या निजामांनी त्यांना ‘राजा’ केलं ते पुढे. म्हणजे भारतातला त्या काळचा सगळ्यात नावाजलेला फोटोग्राफर वीसेक वर्षं आमच्या गावात सरकारी नोकर होता. काचेच्या प्लेटा, तिपाई, रसायनं हे सगळं बैलगाडीत घालून. आम्हाला खिशात मावणारा कॅमेरा जड होतो!

आणि एक राहिलंच, मला विमान उडवायला आवडतं. फ्लाइंगच्या फीचं कर्ज मागच्या वर्षीच फिटलंय, आता कुठे त्याची मजा येतेय.

घरचे काही म्हणत नाहीत?

म्हणतात. ‘दोन दिवस घरी येतेस, त्यातली एक सकाळ तलावावर?’ असं नवऱ्यानं एकदा विचारलं, आणि मला उत्तर सुचलं नाही. आता सिरपूर तलावावर लेक सोबत असते. २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून) मिळाला. हिवाळ्यात बदकं उतरतात, पाणकावळे पंख वाळवत बसतात. दुर्बीण तिच्याकडे, कॅमेरा माझ्याकडे, आठ वाजता पोहे-जलेबी ही तिची अट. अर्ध्या वेळेला ती पक्ष्यांऐवजी विमानांकडे बघत असते, आणि ‘ए-३२० की एटीआर’ (एटीआर म्हणजे पंखे असलेलं छोटं विमान) हे आवाजावरून सांगते. बहुतेक वेळा बरोबर.

फोटो सोशल मीडियावर टाकता का?

सराफा, झांक्या, पक्षी टाकते. युनिफॉर्ममधले, क्रूचे, प्रवाशांचे नाहीत. बोर्डिंग पासचा फोटो तुम्हीही टाकू नका, त्यावरच्या बारकोडमधून तुमच्या बुकिंगची माहिती वाचता येते.

मी फ्लाइंग शिकायला चाललोय. कॅमेरा सोबत नेऊ का?

न्या, पण हॉस्टेलवर ठेवा. पहिल्या सोलोला, म्हणजे एकट्यानं उडताना, कुणाचं तरी ऐकून छातीवर कॅमेरा बांधू नका. टाइप रेटिंग (ठरावीक विमानाचं प्रशिक्षण) आणि लाइन ट्रेनिंगच्या (प्रत्यक्ष प्रवासी उड्डाणांवरच्या प्रशिक्षणाच्या) काळात मी चौदा महिने कॅमेऱ्याला हात लावला नव्हता. बॅटरी पार मेली होती, नाद मेला नव्हता. त्या काळात बघत राहा आणि लिहून ठेवा. वहीला चार्जिंग लागत नाही, परवानगीही लागत नाही.

तुमच्यासोबत फोटो काढायला येऊ का?

या. महिन्यातल्या एका शनिवारी, रात्री साडेदहाला, सराफ्याच्या तोंडाशी. एक कॅमेरा किंवा फोन, एक भिंग, तिपाई नको, गर्दीत लोक अडखळतात. आधी खाऊ, मग फोटो. नक्की कुठला शनिवार ते रोस्टर आल्यावर कळेल. स्टँडबायवरून बोलावणं आलं तर मी येणार नाही, तेव्हा तुम्ही माझी वाट न बघता खायला सुरुवात करा.